क्षमेचे ओझे

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दुपारी, आमच्या घरात कडाक्याचे भांडण झाले. विषय जमिनीचा नव्हता, पैशाचा नव्हता, की कोणाच्या लग्नाचाही नव्हता. भांडत होती माझी दहावीतली मुलगी आणि तिच्याहून दोन वर्षांनी मोठा असलेला माझा भाचा. आणि ज्या मुलीवरून ती भांडत होती ती या भूतलावर कधी जन्मालाच आलेली नव्हती. तिचे नाव टेरा. भाचा म्हणत होता, "ती गद्दार आहे. गद्दाराला क्षमा नाही." माझी लेक म्हणत होती, "तिला कोणी समजूनच घेतलं नाही." ताटातल्या चकल्या सादळू लागल्या तरी दोघांचा आवाज खाली येईना.

माझी आई कोपऱ्यात वाती वळत बसली होती. तिने एकदाच मान वर करून विचारले, "ती पोरगी त्यांच्याकडे आली तेव्हा तिला जेवायला घातलं होतं का रे कोणी?"

"घातलं होतं आजी. पोटभर."

"मग ती एवढं करून परत आली असती, तर पुन्हा पान वाढलं असतं का?"

या प्रश्नावर मात्र दोघेही गप्प झाली. मी मास्तरकीच्या सवयीने मध्ये पडून ही टेरा कोण म्हणून चौकशी केली. तेव्हा त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले, तिच्यात कीव अधिक होती की आश्चर्य, हे मला अजून सांगता येणार नाही. त्या रात्रीपासून सुट्टी संपेपर्यंत मी मुलीच्या शेजारी बसून एक अख्खी कार्टून मालिका पाहिली. चाळिशी ओलांडलेल्या, चार कादंबऱ्या लिहिलेल्या गृहस्थाने फराळ खात कार्टून पाहत बसावे, हे काही शोभेचे नव्हे, हे मी जाणून आहे. पण त्या मालिकेने मला एका जुन्या ठिकाणी नेऊन सोडले. तिथे माझे मी होऊन गेलो नसतो; म्हणून हा लेख.

मालिकेचे नाव 'टीन टायटन्स'. 2003 च्या जुलैत ती अमेरिकेत कार्टून नेटवर्कवर सुरू झाली आणि 2006 च्या जानेवारीत तिचा शेवटचा भाग दाखवला गेला. पाच पर्वे, 65 भाग. ग्लेन मुराकामी यांच्या देखरेखीखाली ती तयार झाली. चित्रांची धाटणी अर्धी अमेरिकन, अर्धी जपानी. शीर्षकगीत गाणाऱ्या दोघी तर जपानीच. पुढे 2013 मध्ये याच पात्रांना घेऊन एक थट्टेची मालिका निघाली, ती निराळी. मी बोलतो आहे ते पहिल्या मालिकेविषयी.

कथा पाच पोरांची आहे. बॅटमनचा हात सोडून स्वतंत्र झालेला रॉबिन हा त्यांचा म्होरक्या. परग्रहावरून आलेली भोळी आणि महाबलाढ्य राजकन्या स्टारफायर. निम्मे शरीर यंत्राचे झालेला सायबॉर्ग. हव्या त्या प्राण्याचे रूप घेणारा, हिरव्या अंगाचा, वात्रट बीस्ट बॉय. आणि काळोखाशी नाते सांगणारी अबोल रेव्हन. शहरासमोरच्या बेटावर इंग्रजी 'टी' अक्षराच्या आकाराचा त्यांचा मनोरा आहे. त्यात ती राहतात, खातात, भांडतात आणि हाक आली की शहर वाचवायला धावतात. त्या घरात आई नाही, बाप नाही, वडीलधारे कोणीच नाही. गोष्टीत जी प्रौढ माणसे भेटतात, ती बहुतेक शत्रू म्हणूनच भेटतात. सर्वांत मोठा शत्रू म्हणजे स्लेड: एक डोळा असलेल्या मुखवट्याआडून अतिशय शांत, समजूतदार आवाजात बोलणारा माणूस.

आता टेरा. 2004 साली दाखवल्या गेलेल्या दुसऱ्या पर्वात ही मुलगी भटकत भटकत येते. दगडमातीवर तिची सत्ता चालते. तिने मनात आणले की जमीन उचलते, कडे कोसळतात. फक्त एक गोष्ट तिच्या हाती नसते. ती शक्ती तिला आवरत नाही. ज्यांना वाचवायला जावे त्यांच्यावरच दरड कोसळते, म्हणून ती गावोगाव पळत फिरते. हे गुपित ती एकट्या बीस्ट बॉयपाशी उघडे करते आणि कोणाला सांगणार नाहीस असे त्याच्याकडून वचन घेते. पुढे रॉबिन तिला आनंदाने आपल्यात यायचे आमंत्रण देतो आणि बोलता बोलता सुचवतो की, शक्तीवर ताबा मिळवायला आम्ही तुला मदत करू. टेराचा चेहरा उतरतो. याने सांगितले! बीस्ट बॉयने वचन मोडले! ती रागाने निघून जाते. वास्तविक त्याने अवाक्षरही काढलेले नसते. रॉबिनने ते आपल्या हुशारीने ताडलेले असते.

इथे मी मुलीला मालिका थांबवायला सांगितले आणि पाणी पिण्याच्या निमित्ताने उठून आत गेलो.

पंधराएक वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका शाळेत होतो. आठवीच्या माझ्या वर्गात एक मुलगा होता. धडा वाच म्हटले की घडाघडा वाचायचा. एक शब्द चुकायचा नाही. एकदा मी त्याला तिसऱ्या परिच्छेदापासून वाचायला सांगितले, तर त्याने पहिल्या ओळीपासून सुरुवात केली. मी पुस्तकात बोट ठेवून दाखवले. तो पुन्हा पहिल्या ओळीवर गेला. तेव्हा माझ्या ध्यानात आले. या मुलाला वाचता येत नव्हते. घरी धाकट्या बहिणीकडून धडे वाचून घेऊन तो ते पाठ करून येत होता. शाळा सुटल्यावर तो माझ्यामागून फाटकापर्यंत आला आणि म्हणाला, "सर, कोणाला सांगू नका." मी शब्द दिला. रोज शाळेनंतर अर्धा तास मी त्याला बाराखडीपासून शिकवू लागलो. तीन आठवड्यांत तो जोडाक्षरांपर्यंत आला.

मग शिक्षकांच्या एका बैठकीत कच्च्या मुलांचा विषय निघाला, आणि मी सांगून टाकले. वाईट हेतूने नव्हे. त्याला जास्त मदत मिळावी, एवढेच माझ्या मनात होते; आणि खरे सांगायचे तर, आपण एका मुलासाठी काय करतो आहोत हे चार लोकांना कळावे, असेही होते. दुसऱ्या दिवशी एका शिक्षकांनी त्याला भर वर्गात उभे केले आणि बाराखडी म्हणायला सांगितली. मी व्हरांड्यातून चाललो होतो. मुले हसत होती. तो त्या शिक्षकांकडे पाहत नव्हता, मुलांकडे पाहत नव्हता; उघड्या दारातून माझ्याकडे पाहत होता. त्यानंतर तो शाळेत आला नाही. मी दोनदा त्याच्या घरी गेलो. दोन्ही वेळा तो घरात नव्हता, किंवा होता.

बीस्ट बॉय निर्दोष होता. मी नव्हतो. कार्टूनने माझ्यावर एवढी मेहेरनजर केली की माझा अपराध त्याच्या माथी मारून त्याला निरपराध सोडले!

असो. टेराकडे वळू. पळून गेलेल्या मुलीला गाठतो तो स्लेड. आणि जे तिला मित्रांकडून घेता आले नाही ते तो तिला देतो. तो तिला ताबा शिकवतो. पुढे ती टायटन्सकडे परत येते तेव्हा तिची शक्ती तिच्या मुठीत असते. ते तिला आनंदाने सामावून घेतात, तिच्यासाठी स्वतंत्र खोली सजवतात. पण ती आलेली असते स्लेडची हेर म्हणून. एका रात्री ती बीस्ट बॉयला जत्रेत घेऊन जाते आणि तिकडे स्लेडचे सैन्य मनोऱ्यावर तुटून पडते.

हे पाहताना मला कर्ण आठवल्यावाचून राहिला नाही. रंगभूमीवर कुळ विचारून त्याची मान खाली घालायला लावली, तेव्हा त्याला अंगदेशाचा राजा करून वर उचलणारा हात दुर्योधनाचा होता. दुर्योधन चांगला होता म्हणून कर्ण त्याच्याकडे गेला नाही. बुडणारा माणूस हात पाहतो. तो हात कोणाचा, हे किनाऱ्याला लागल्यावर पाहतो, आणि तोवर त्या हाताने मनगट घट्ट धरलेले असते. वर्गातून उठून गेलेली मुले कोणाच्या ना कोणाच्या हाती लागतातच. तो कोण असावा हे ठरवण्याची संधी एकदा आपल्याजवळ होती, हे आपण मागाहून मोठ्या शहाणपणाने विसरतो.

पण इथे माझ्या भाच्याची बाजू मांडली नाही तर मी अन्याय केला असे होईल. कारण ती बाजू हलकी नाही. तो म्हणतो, भीती सर्वांनाच वाटते. म्हणून सगळेच काही मित्रांचा गळा कापत नाहीत. रेव्हनचेच पाहा. ती ट्रायगॉन नावाच्या राक्षसाची मुलगी. एक दिवस तिच्यातूनच वाट काढून तिचा बाप जगात येईल आणि जगाचा अंत करील, असे भविष्य जन्मापासून तिच्या कपाळी लिहिलेले. तिलाही आपली शक्ती आवरावी लागते. मन क्षणभर ढळले तरी भोवतालच्या वस्तू फुटतात. तिनेही गुपित लपवले. चौथ्या पर्वात ते भविष्य खरे होते, जग पेटते. तरी ती कोणाला विकली गेली नाही, आणि अखेर तिनेच बापाला घालवून दिले. मग टेराला वेगळा न्याय का?

युक्तिवाद बिनतोड वाटतो. मुलगी त्यावर काही बोलली नाही. मी मात्र दोन दिवस विचार करीत होतो. रेव्हनपाशी जे होते ते टेरापाशी नव्हते. रेव्हनचे गुपित उघडे झाले तोवर तिने या चौघांबरोबर शंभर वेळा जेवण केले होते, भांडण केले होते, दार आपटून खोलीत बसली होती आणि पुन्हा बाहेर आली होती. भविष्य कळल्यावरही ते हलले नाहीत. टेराजवळ काय होते? एका मुलाचे एक वचन. एका दोरीवर लटकणाऱ्याला दोरी तुटल्याचा नुसता भास झाला तरी तो हात सोडतो. याने तिचा अपराध धुतला जात नाही. पण अपराध मोजताना माणसाजवळ दोऱ्या किती होत्या, हेही मोजावे लागते.

आणखी एक गोष्ट मला खटकली. पहिल्या पर्वात खुद्द रॉबिनने आपल्या मित्रांना फसवले आहे. स्लेडच्या जवळ जाता यावे म्हणून तो चोराचा वेष घेतो, रेड एक्स हे नाव घेतो आणि आपल्याच सोबत्यांशी लढतो. ते दुखावतात, पण लवकरच सारे पूर्ववत होते. का? तर तो म्होरक्या होता, आपला होता, आणि त्याचा हेतू चांगला होता. आपल्या माणसाने चूक केली की आपण तिला चूक म्हणतो. परक्याने तीच केली की तो त्याचा स्वभाव ठरतो. शाळेत शिपायाच्या मुलाने पेन उचलले की ती चोरी आणि अध्यक्षांच्या मुलाने उचलले की तो खोडकरपणा, हे मी या डोळ्यांनी पाहिले आहे.

या मुलीची कथा दोनदा सांगितली गेली आहे, हेही मला मुलीकडूनच कळले. ही पात्रे मूळची डीसी या कंपनीच्या चित्रकथांतली. टायटन्सचे पहिले कूळ 1964 सालचे. पण आपण ज्या पाच जणांविषयी बोलतो आहोत त्यांना एकत्र आणणारी मालिका 1980 मध्ये मार्व्ह वुल्फमन आणि जॉर्ज पेरेझ यांनी सुरू केली. त्यांच्या टेराने 1984 मध्ये जो घात केला, त्यामागे भीती नव्हती, गैरसमज नव्हता. ती मुळातच द्वेषाने भरलेली होती आणि त्या द्वेषातच, न वितळता, मेली. वाचकांना चटका बसावा म्हणून लेखकांनी ते जाणून केले होते. वीस वर्षांनी टीव्हीसाठी हीच गोष्ट पुन्हा सांगताना दुसऱ्या मंडळींनी तिच्या पोटात भीती घातली.

यातली खरी कोणती? मी कथा लिहिणारा माणूस आहे. मला दोन्ही खऱ्या वाटतात. अशी माणसे असतात की ज्यांच्या अंतःकरणात कितीही खोल विहीर खणली तरी पाणी लागत नाही. ती नाहीतच असे म्हणणे हा भाबडेपणा होईल. पण मी मास्तरही आहे. आणि मास्तराला समोर बसलेल्या चौदा वर्षांच्या पोराकडे पाहून हे पहिल्या जातीचे की दुसऱ्या, हे कधीच कळत नाही. ज्याला ते कळत नाही, त्याने पाणी आहे असे धरून खणले पाहिजे. त्यात तो कधी फसेल. न खणता निघून गेला तर मात्र फसला की नाही, हेही त्याला कळणार नाही.

घाताच्या त्या रात्री टेरा बीस्ट बॉयला आठवण देते की, काही झाले तरी तू माझा मित्र राहशील असे म्हणाला होतास. तो तिच्याकडे पाठ फिरवतो. तुला कोणी मित्र नाहीत, हे स्लेडचेच म्हणणे खरे, असे तिला सुनावतो. मित्राचा राग रास्त होता, पण त्या रागातून शब्द शत्रूचे बाहेर पडले. पुढे ती एकेका टायटनला जमीनदोस्त करते. मग तिला कळते की स्लेडने दिलेला पोशाख तिच्या मज्जातंतूंशी जोडलेला आहे. आता तिचे अंगही तिचे उरलेले नाही. ज्याने ताबा शिकवला त्यानेच ताबा घेतला! अखेरच्या क्षणी बीस्ट बॉय तिला एवढेच सांगतो की निवड अजून तुझीच आहे. ती सारे बळ एकवटून स्लेडवर उलटते. त्या झुंजीत ज्वालामुखी जागा होतो. तो थोपवण्यासाठी ती एकटी मागे राहते, शहर वाचते आणि तिची शिळा होते. टायटन्स त्या पुतळ्यापाशी एक पाटी ठेवतात. तिच्यावर तिला आपल्यातली एक आणि खरी मैत्रीण म्हटले आहे.

इथे गोष्ट संपली असती तर ती चांगली गोष्ट झाली असती, आपल्याला सोयीची. घात करणाऱ्याने प्राण देऊन प्रायश्चित्त घ्यावे आणि आपण फूल वाहावे. शिळेला क्षमा करणे फार सोपे असते. ती उलट काही बोलत नाही. पण मालिकेचा अगदी शेवटचा भाग, 2006 च्या जानेवारीतला, नेमका ही सोय काढून घेतो.

त्या भागात बीस्ट बॉयला शहरात शाळेच्या गणवेशातली एक मुलगी दिसते. हुबेहूब टेरा! तो धावत पुतळ्याकडे जातो, तर पुतळा जागेवर नसतो. तो तिला मनोऱ्यावर नेतो, तिची खोली दाखवतो, जुन्या जागी हिंडवतो. सगळे माफ आहे, असे त्याच्या प्रत्येक हालचालीत असते. तिला काही आठवत नसते. निदान ती तसे म्हणते. शेवटी ती त्याला सांगते की, तुला हवी असलेली मुलगी ही तुझी एक आठवण आहे. तू तुझ्या मित्रांकडे जा. घंटा होते, ती वर्गात निघून जाते. ती खरोखर टेरा होती की नाही, विसरली होती की विसरल्यासारखे करीत होती, हे मालिका शेवटपर्यंत सांगत नाही.

माझी मुलगी रडली. मी रडलो नाही. मला पंक्चरचे एक दुकान दिसत होते.

दोन वर्षांपूर्वी हमरस्त्यावर माझी मोटारसायकल पंक्चर झाली. ढकलत ढकलत मी एका टायरच्या दुकानापाशी आलो. मालक तिशीच्या आतबाहेरचा, हाताखाली दोन पोरे. मी त्याला ओळखले. त्यानेही मला ओळखले असावे. कारण "बसा सर" म्हणाला, आणि मी मास्तर आहे असे माझ्या कपाळावर लिहिलेले नव्हते. मी बसलो. माझ्या पोटात तेरा वर्षांचे भाषण तयार होते. ते कसेबसे बाहेर आले. तुझा मी अपराधी आहे, असे मी म्हणालो. तो टायरवर पाणी टाकून बुडबुडे पाहत होता. वर न पाहता म्हणाला, "मला नाही आठवत सर तसलं काही." मग पावतीपुस्तक ओढून त्याने ठसठशीत अक्षरांत पावती लिहिली, माझ्यासमोर फाडली आणि पैसे चोख मोजून घेतले. "मागच्या चाकात हवा कमी होती. भरलीय," एवढेच आणखी बोलला.

परतताना मी हिरमुसलो होतो. त्याने मला रागावायला हवे होते, किंवा माझा हात धरायला हवा होता. निदान पैसे तरी नाकारायला हवे होते! आता कळते, मी त्याच्याकडे क्षमा मागायला गेलो नव्हतो; वसूल करायला गेलो होतो. इतकी वर्षे वागवलेले माझे ओझे त्याने उतरवून घ्यावे आणि पुन्हा तो वर्गात उभा असलेला मुलगा व्हावे, अशी माझी इच्छा होती. बीस्ट बॉयने क्षमा द्यायची होती, मी घ्यायची होती. चूक दोघांची एकच. ज्या माणसाला आपण शोधत होतो तो त्या जागी उरलेलाच नव्हता. शिळेतून बाहेर पडलेल्याला पुन्हा शिळा करून फूल वाहण्याचा हक्क कोणालाच नाही, मग ते फूल कितीही ताजे असो.

म्हणजे क्षमा करूच नये काय? मागूच नये काय? करावी आणि मागावीही. मी ते दुकान टाळले असते तर अधिक लहान ठरलो असतो. पण क्षमा हे दिलेले कर्ज नव्हे, की ज्याचे व्याज म्हणून समोरच्याने आपल्या आयुष्यात परत यावे. त्याने यावे की न यावे, आठवावे की विसरावे, ही निवड त्याची. जिच्याकडे कधी कोणी निवड ठेवलीच नव्हती, त्या मुलीची खरी मुक्तता ज्वालामुखीपाशी झाली नाही. ती वर्गाच्या दारात, नाही म्हणताना झाली, असे मला वाटते.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री मी आईला ही सारी गोष्ट सांगितली. टेराची, आणि पहिल्यांदाच, त्या मुलाचीही. मग तिलाच तिचा प्रश्न विचारला: "तू असतीस तर पुन्हा पान वाढलं असतंस का?"

"वाढलं असतं की," आई म्हणाली, "पण हाताला धरून पाटावर बसवलं नसतं. भूक लागली तर येईल. नाही आली तर जिथं असेल तिथं जेवली, असं समजायचं."

यंदाच्या दिवाळीत भाचा पुन्हा येणार आहे. टेराला क्षमा नाही, हे त्याचे मत बदललेले नाही, असे त्याने आगाऊ कळवले आहे. चकल्या सादळू नयेत म्हणून या वेळी त्या डब्यातच ठेवायच्या, असे घरात ठरले आहे.